झेल आम झे ते कोर्तिना: ग्रोसग्लोकनरचा घाट ओलांडून इटलीत उतरताना

पुण्याच्या एका कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्ट्रियातील झेल आम झे या तळ्याकाठच्या गावाहून इटलीतील कोर्तिना दाम्पेत्सोला भाड्याच्या गाडीने जायचे आहे आणि वाटेत ग्रोसग्लोकनर ह्या ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च शिखराजवळचा घाटरस्ता पाहायचा आहे. सोबत दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत. नकाशा दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर अंतर आणि साडेतीन-चार तास दाखवतो. तेव्हा सकाळी निघून दुपारच्या जेवणाला कोर्तिना गाठता येईल का, मे महिन्याच्या सुटीत जावे की दिवाळीच्या, गाडी कशी घ्यावी आणि सीमेवर काय लागते?

एका दिवसात जाता येते, पण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नकाशातले तास हे कुठेही न थांबणाऱ्या गाडीचे असतात, आणि ह्या रस्त्यावर न थांबता जाणे म्हणजे चाळीस युरोंहून अधिक टोल भरून काचेतून डोंगर पाहणे होय. पहिला दिवस घाटाला आणि दुसरा दिवस सीमेपलीकडच्या डोलोमाइट पर्वतांना द्यावा आणि मधला मुक्काम लिएन्झ ह्या गावी करावा. लिएन्झ सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवर आहे, तिथे वडीलधाऱ्यांना शांत झोप लागते, हॉटेलांचे दर कोर्तिनाच्या मानाने पुष्कळ कमी असतात आणि संध्याकाळी चौकात पायी फिरता येते. बाकीचे सगळे नियोजन ह्या एका मुक्कामाभोवती बसवावे.

आधी महिन्याचा विचार करू, कारण तिथेच बहुतेकांचे बेत फसतात. ग्रोसग्लोकनरचा रस्ता साधारणपणे मेच्या सुरुवातीला उघडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतो. त्यामुळे मेची सुटी आणि दिवाळीची सुटी दोन्ही कागदावर जमतात, प्रत्यक्षात दोन्ही काठावरच्या आहेत. मे महिन्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती असतात. त्या पाहण्यासारख्या असतात हे खरे, परंतु वरची तळी गोठलेली असतात, पायवाटा बर्फाखाली असतात आणि पलीकडे कोर्तिनात दोन हंगामांच्या मधला काळ असल्याने अनेक हॉटेले आणि रोपवे बंद असतात. दिवाळीच्या सुमारास लार्च वृक्ष सोनेरी झालेले असतात आणि गर्दी नसते, पण एका रात्रीच्या बर्फाने घाट बंद होऊ शकतो. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबरपासून हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर सक्तीचे होतात, हेही लक्षात ठेवावे. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य आणि संपूर्ण सप्टेंबर हे माझ्या मते उत्तम दिवस आहेत. सप्टेंबरात घरचे गणपती असतील तर त्यांचे विसर्जन झाल्यावर निघावे, महिन्याचा उत्तरार्ध तर अधिकच स्वच्छ असतो. टाळावा तो ऑगस्टचा मध्य, कारण 15 ऑगस्टच्या आसपास सारी इटली सुटीवर असते आणि कोर्तिनातील खोल्यांचे भाव तेव्हा ऐकवत नाहीत.

गाडी म्युनिक विमानतळावर घेण्यापेक्षा साल्झबुर्गमध्ये घ्यावी, असे मी सुचवतो. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, डाव्या बाजूला बसून, रस्त्याच्या उजव्या बाजूने, थेट जर्मन महामार्गावर पहिला तास काढणे हे धाडस कुटुंब सोबत असताना करण्याजोगे नाही. म्युनिकहून साल्झबुर्गला रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते. दुसरे कारण पैशाचे आहे. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर चालण्यासाठी ठरावीक मुदतीचा पथकर आधी भरावा लागतो, त्याला ‘विन्येट’ म्हणतात. ऑस्ट्रियात नोंदलेल्या भाड्याच्या गाडीला तो बहुधा भरलेलाच असतो, जर्मनीत घेतलेल्या गाडीचा मात्र आपल्याला भरावा लागतो. तिसरे कारण परतीचे आहे: एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर एकतर्फी शुल्क कित्येकदा मूळ भाड्याच्या जवळ जाते. म्हणून जाताना घाट आणि येताना डोंगराखालून जाणारा फेल्बरटाउर्न बोगदा अशी फेरी आखून गाडी साल्झबुर्गलाच परत करावी.

भाडेकरारात तीन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली म्हणजे गाडी इटलीत नेण्याची परवानगी. ती बहुतेक कंपन्या देतात, परंतु काही महागड्या गाड्यांना देत नाहीत, आणि न सांगता सीमा ओलांडल्यास विमा लागू राहत नाही. दुसरी म्हणजे अपघात विम्यातील आपल्या वाट्याची रक्कम आणि टायर, काच व गाडीची खालची बाजू त्यात धरली आहे का हे पाहणे, कारण डोंगरी रस्त्यावर नुकसान होते ते नेमके ह्याच भागांचे. तिसरी म्हणजे चालकांची नावे. दोघे चालवणार असतील तर दोघांची नावे करारात हवीत. अनामत रकमेसाठी मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड काउंटरवर नाकारले जाण्याची शक्यता मोठी असते आणि तिथे हुज्जत घालून उपयोग होत नाही.

पाच माणसे आणि सामान असेल तर सात आसनी गाडी घेऊन मागची रांग पाडून ठेवावी. पाच आसनी साध्या गाडीत पाच माणसे बसतात, चार मोठ्या बॅगा बसत नाहीत, आणि छतावर सामान बांधण्याची सोय तिथे नसते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी हवी असल्यास दोन-तीन महिने आधी नोंदवावी, कारण युरोपात हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या अजूनही पुष्कळ आहेत आणि ऐन वेळी तीच हातात पडते. भारतीय चालकाला उजव्या हाताने गिअर टाकणे एका दिवसात जमते. खरी अडचण वेगळी असते. चालक डावीकडे बसल्यामुळे गाडीच्या उजव्या अंगाचा अंदाज येत नाही आणि गाडी नकळत रस्त्याच्या उजव्या कडेला ओढली जाते. सुरुवातीचे काही तास शेजारी बसलेल्याने उजव्या चाकाकडे लक्ष ठेवून बोलत राहावे.

परवान्याबाबत घोळ नको. आपल्या मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवाच. तो भारतातून निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून घ्यावा लागतो, अर्ज परिवहन विभागाच्या पोर्टलवर करता येतो आणि त्याची मुदत एक वर्ष असते. मूळ परवाना घरी ठेवून नुसता आंतरराष्ट्रीय परवाना नेल्यास तो निरुपयोगी आहे. दोन्ही देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा एकच पुरतो, फक्त अर्ज करताना रात्रींची बेरीज करावी. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाच्या दूतावासाकडे अर्ज जातो, आणि रात्री समसमान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. लिएन्झचा मुक्काम कोर्तिनाकडे हलवला तर कधी कधी अर्जाचा देशच बदलतो, म्हणून मुक्काम पक्के झाल्यावरच व्हिसाकडे वळावे.

आता पहिला दिवस. झेल आम झेहून सकाळी सातला निघावे. हे सात म्हणजे सातच, नाश्ता करून साडेनऊला निघण्याचा बेत असेल तर घाट दुसऱ्या दिवशी ठेवावा. त्याला दोन कारणे आहेत. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर ढग दाटतात आणि विजांसह पाऊस पडतो, आणि ग्रोसग्लोकनर शिखरावर उजेड सकाळी समोरून पडतो, दुपारनंतर सूर्य शिखराच्या मागे जातो आणि हिमनदी काळपट दिसू लागते. गाडीच्या नॅव्हिगेशनमध्ये नुसते ‘लिएन्झ’ टाकू नये. फेल्बरटाउर्न बोगद्याचा रस्ता वेळेने कमी असल्यामुळे यंत्र तुम्हाला परस्पर बोगद्यातून नेईल आणि घाट राहूनच जाईल. मधला थांबा म्हणून ‘हाइलिगेनब्लुट’ हे गाव टाकले की गाडी बरोबर घाटाकडे वळते. टोल टाळण्याचा पर्याय चालू असेल तर तोही बंद करावा.

ब्रुक आणि फुश ही गावे मागे टाकली की फर्लाइटेनचे टोलनाके येते. ग्रोसग्लोकनर होखआल्पेनश्ट्रासे हा रस्ता 1930 ते 1935 ह्या मंदीच्या वर्षांत अभियंता फ्रान्झ वालाक ह्यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला. त्याची लांबी सुमारे 48 किलोमीटर असून त्यावर 36 क्रमांकित वळणे आहेत. हा रस्ता कोणत्याही गावाची गरज म्हणून बांधलेला नाही, तर मोटारीतून डोंगर पाहता यावेत म्हणून आखलेला आहे, आणि ते प्रत्येक वळणावर जाणवते. चढ कुठेही बारा टक्क्यांपलीकडे जात नाही, वळणे रुंद आहेत आणि समोरून येणारी बस आधीच दिसते. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट ज्यांनी चालवला आहे, त्यांना इथला रस्ता अवघड वाटणार नाही; भिती वाटली तर ती उंचीची वाटेल, रस्त्याची नव्हे. रात्री हा रस्ता बंद असतो आणि संध्याकाळी बंद होण्यापूर्वी पाऊण तास आधी प्रवेश थांबतो. टोलचा दर दरवर्षी थोडा वाढतो, संध्याकाळी सहानंतरचे तिकीट स्वस्त असते, पण त्या वेळी जाऊन पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

फुशर ट्योर्ल ह्या 2428 मीटर उंचीच्या खिंडीजवळ डावीकडे एक छोटा फाटा एडेलवाइसश्पिट्झे ह्या माथ्यावर जातो. तो दगडी फरसबंदीचा, अरुंद आणि तीव्र वळणांचा आहे, बसला तिथे मनाई आहे आणि वर गाड्या लावायला जागा मोजकी आहे. साडेआठच्या आत पोहोचलात तर अवश्य जावे. 2571 मीटर हा गाडीने गाठता येणारा ह्या रस्त्यावरचा सर्वांत उंच बिंदू असून तेथून तीन हजार मीटरहून उंच अशी तीसहून अधिक शिखरे एका नजरेत येतात. नऊनंतर मात्र तिथे मोटारसायकलींची रांग लागते आणि उतरणाऱ्या गाडीसाठी मागे घ्यावे लागते. आई-वडील सोबत असताना त्यात पडू नये, खालच्या थांब्यावरूनही दृश्य पुरेसे मोठे आहे.

झेल आम झे सुमारे 757 मीटरवर आहे आणि पुढची होखटोर ही खिंड 2504 मीटरवर. म्हणजे तासाभरात साडेसतराशे मीटर चढाई होते आणि तापमान दहा-बारा अंशांनी उतरते. खाली अर्ध्या बाहीचे दिवस असले तरी वर वाऱ्यात स्वेटर आणि कानटोपी लागते. ती डिकीतल्या बॅगेत तळाशी न ठेवता आसनाजवळ ठेवावी. निरोगी ज्येष्ठांना एवढ्या उंचीवर थोडा वेळ थांबण्याचा त्रास सहसा होत नाही, परंतु हृदयविकार किंवा श्वसनाचा आजार असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे आणि वर गेल्यावर जिने घाईने चढू नयेत. मुलाला गाडी लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास द्यावी. पहिल्या वळणावर दिलेल्या गोळीचा उपयोग उतारावर होतो.

होखटोरला एक छोटा बोगदा आहे. अलीकडे साल्झबुर्ग प्रांत, पलीकडे कॅरिंथिया. ही खिंड रोमन काळापूर्वीपासून वापरात होती आणि रस्त्याच्या बांधकामाच्या वेळी इथे हर्क्युलिसची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली होती. बोगद्यानंतर उतार लागतो आणि थोड्या वेळाने उजवीकडे हिमनदीचा फाटा फुटतो. कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-ह्योहे ह्या 2369 मीटरवरील सज्जावर तो संपतो. हा फाटा चुकवू नये, पाहण्याची मुख्य जागा हीच आहे. समोर 3798 मीटर उंचीचा ग्रोसग्लोकनर, ऑस्ट्रियाचे सर्वोच्च शिखर, आणि खाली पास्टर्झे ही देशातील सर्वांत लांब हिमनदी. सम्राट फ्रान्झ योझेफ सम्राज्ञी एलिझाबेथसह 1856 मध्ये ह्या भागात आले होते, त्यावरून हे नाव पडले. त्यांच्या काळी बर्फ सज्जाच्या जवळपास पोहोचलेला असे. 1963 मध्ये सज्जावरून हिमनदीच्या काठापर्यंत नेणारी एक रुळावरची गाडी बसवली गेली. आज तिच्या खालच्या टोकापासून बर्फ पुष्कळ खाली आणि दूर गेलेला दिसतो. जुनी पातळी सांगणाऱ्या खुणा वाटेवर आहेत, त्या मुलाला दाखवाव्यात. कठड्याखालच्या उतारावर मार्मोट हे खारीच्या कुळातले, मांजराएवढे गुबगुबीत प्राणी उन्हात बसलेले असतात. एक शीळ ऐकू आली की सगळे बिळात पळतात, आणि मिनिटभर स्तब्ध उभे राहिले की एकेक डोके पुन्हा वर येते. मुलांना हिमनदीपेक्षा तेच अधिक लक्षात राहतात, त्याबद्दल रागावू नये. मार्मोटांना बिस्किटे घालू नयेत.

उताराबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ह्या रस्त्यावर खरा त्रास चढणीत होत नाही, उतरताना होतो. ब्रेकवर पाय ठेवून सलग उतरले तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि शेवटी ते पकडेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्यात, उतरावे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांड्याचा हाताने बदलण्याचा पर्याय वापरून गिअर खाली आणावा. गाडी देणाऱ्या माणसाकडून तो पर्याय आधीच दाखवून घ्यावा, डोंगरात पुस्तिका उघडण्याची वेळ आणू नये. वळणाच्या आधी ब्रेक लावून वेग उतरवावा आणि वळणात ब्रेक सोडलेला असावा. वास आलाच तर पुढच्या थांब्यावर गाडी उभी करून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, चाकांवर पाणी ओतू नये. विजेवरची गाडी असेल तर उतारावर बॅटरी परत भरते हे खरे, पण माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास ती ऊर्जा घ्यायला जागा उरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून त्या दिवशी सकाळी बॅटरी काठोकाठ भरू नये. मागे मोटारसायकलींचा घोळका साचला तर रुंद जागा पाहून त्यांना पुढे जाऊ द्यावे, आपण दृश्य पाहायला आलो आहोत आणि ते वळणे घ्यायला.

हाइलिगेनब्लुटच्या निमुळत्या मनोऱ्याच्या चर्चमागे ग्रोसग्लोकनर दिसतो, तो फोटो जगभर छापला जातो आणि प्रत्यक्षातही तो तसाच दिसतो. इथे दुपारचे जेवण घ्यावे, पण दोनच्या आत. त्यानंतर अनेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे संध्याकाळपर्यंत बंद असतात. शाकाहारी माणसाला ह्या भागात उपाशी राहावे लागत नाही. चीज घातलेले केझेश्पेत्सले मिळते, आणि लिएन्झच्या बाजूला बटाट्याचे सारण भरलेले श्लिप्फक्रापफेन हे करंजीच्या आकाराचे उकडलेले प्रकार मिळतात. मात्र ‘श्पेक’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, नको हे मागवतानाच सांगावे. तो इकडे मसाल्यासारखा घालतात आणि तो मांसाहार आहे असे वाढणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. रविवारी ऑस्ट्रियात किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे फळे, दही आणि पाणी शनिवारी घ्यावे. घरून पोळ्या आणि चटणी जरूर न्याव्यात, पेढे-बर्फी नेऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे.

तेथून विंकलर्न आणि इझेल्सबर्गची छोटी खिंड ओलांडून तीनच्या सुमारास लिएन्झ. खिंडीवरून उतरताना समोर करड्या, करवतीच्या दात्यांसारख्या कड्यांची रांग उभी राहते. ते लिएन्झचे डोलोमाइट, उद्याच्या प्रदेशाची पहिली ओळख.

दुसऱ्या दिवशी घाई नाही. नऊला निघून द्राऊ नदीच्या खोऱ्याने पश्चिमेला जावे. सीमेच्या अलीकडच्या सिलियान गावी टाकी पूर्ण भरावी, कारण इटलीत इंधन महाग असते. इटलीत भरावेच लागले तर स्वतः भरण्याच्या पंपावर भरावे, माणसाने भरून दिलेल्या पंपाचा दर वेगळा आणि अधिक असतो. सीमा म्हणजे आता केवळ एक निळी पाटी आणि जुने नाके आहे. ह्या दोन देशांमधली तपासणी एप्रिल 1998 पासून उठली आहे. तरीही पारपत्रे बॅगेत कोंबू नयेत, हाताशी ठेवावीत, कारण पोलीस कुठेही थांबवून पाहू शकतात.

पाटी ओलांडली तरी घरे, चर्च आणि भाषा बदलत नाहीत, ह्याचे नवल वाटेल. हा दक्षिण टिरोल पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता आणि 1919 च्या तहाने इटलीकडे गेला. इथे बहुसंख्य लोक आजही जर्मन बोलतात आणि प्रत्येक पाटीवर दोन नावे असतात. इनिखेन तेच सान कान्दिदो, टोब्लाख तेच डोब्बियाको. हॉटेलची नोंदणी एका नावाने आणि नॅव्हिगेशन दुसऱ्या नावाने असे झाले की लोक गाव मागे टाकून पुढे जातात, म्हणून दोन्ही नावे कागदावर लिहून ठेवावीत.

बदलतात ते रहदारीचे नियम. ऑस्ट्रियात गावाबाहेर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा, इटलीत साध्या रस्त्यावर 90. इटलीत गावाबाहेर दिवसाही समोरचे दिवे लावावे लागतात. ऑस्ट्रियात 135 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला विशेष आसन लागते, इटलीत ती मर्यादा 150 सेंटीमीटर आहे. तुमचा दहा वर्षांचा मुलगा 140 सेंटीमीटरचा असेल, तर तो सीमेच्या अलीकडे मोठा आणि पलीकडे लहान ठरतो. तेव्हा उंच करणारे आसन पहिल्याच दिवशी गाडीसोबत घ्यावे. चमकणारे जाकीट डिकीत न ठेवता चालकाच्या हाताशी ठेवावे, ते घालूनच बंद पडलेल्या गाडीतून बाहेर उतरायचे असते. गाडी लावताना इटलीत पांढऱ्या रेषा मोफत, निळ्या पैसे भरण्याच्या आणि पिवळ्या राखीव जागांच्या असतात. जुन्या गावांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेण्यास मनाई असलेले भाग असतात, तिथे कॅमेरा फोटो काढतो. दंडाची नोटीस काही महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येते आणि तुमचा पत्ता कळवल्याबद्दल गाडीची कंपनी वेगळे शुल्क कापते. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा क्रमांक त्यांना आधी कळवावा.

टोब्लाखचे पठार दिसायला साधे आहे, पण त्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत जातो. पूर्वेकडे वाहणारी द्राऊ डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला मिळते, पश्चिमेकडची रिएन्झ शेवटी आदिजे नदीच्या पाण्याबरोबर एड्रियाटिक समुद्राला. संगीतकार गुस्ताव मालर ह्यांनी 1908 ते 1910 चे उन्हाळे इथे रचना करत घालवले.

इथे दक्षिणेला वळून लांद्रो खोऱ्यात शिरावे. एका वळणावर डावीकडच्या घळीतून त्रे चिमे दि लावारेदो हे तीन सुळके क्षणभर दिसतात. तिथे गाड्या लावायला जागा आहे, पण वेगात असाल तर कळण्याआधी ती निघून जाते. पुढे ड्युरेनझे हे उथळ तळे आणि त्यामागे 3221 मीटरचा क्रिस्टालो. 1915 ते 1917 मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या फौजा ह्याच कड्यांवर समोरासमोर होत्या, आणि रस्त्याच्या कडेला झाडीत त्या सैनिकांचे दफनस्थान आहे.

कार्बोनिनला रस्ता दुभंगतो. सरळ गेल्यास चिमाबांके खिंडीने कोर्तिना लवकर येते. मी मात्र डावीकडे वळायला सांगेन. थोडे किलोमीटर वाढतात, पण 1754 मीटरवरचे मिझुरीना तळे आणि त्रे क्रोची खिंडीवरून कोर्तिनाच्या वाडग्यासारख्या दरीत होणारा उतार ह्या दोन्ही गोष्टी पदरात पडतात. मिझुरीनाहून वर आउरोन्झो विश्रामगृहापर्यंत टोलचा रस्ता जातो आणि तेथून त्रे चिमेच्या पायथ्याने रुंद, जवळजवळ सपाट वाट आहे. आई-वडिलांनाही त्यावर अर्धा तास चालता येते. हा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, त्याचा टोल घाटाच्या टोलच्या घरात जातो आणि अलीकडे उन्हाळ्यात गाडीसाठी आधी ऑनलाइन वेळ नोंदवावी लागते. नोंदणी न करता गेलेल्यांना खालूनच परत फिरवतात. मला विचाराल तर ही भेट ह्या दिवसात कोंबू नये, कोर्तिनात दोन रात्री ठेवून तिसऱ्या दिवशी सकाळी करावी. ब्राइएसचे तळेही छायाचित्रांमुळे सगळ्यांच्या यादीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही दिवसा गाडीने जायला पूर्वनोंदणी लागते आणि गर्दी इतकी असते की मी ते सरळ वगळतो.

कोर्तिना 1956 च्या हिवाळी ऑलिम्पिकचे गाव, आणि 2026 च्या खेळांचेही मिलानसोबतचे यजमान. त्यामुळे दर चढेच राहतात. मुख्य रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी आहे. बीटाचे सारण भरून वर खसखस आणि लोणी घातलेले कासुन्त्सिएई हे इथले खास पक्वान्न शाकाहारी आहे, आणि रात्रीचे जेवण सातच्या आधी मिळत नाही.

हवामान बिघडले तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. घाटरस्त्याच्या संकेतस्थळावर कॅमेऱ्यांची ताजी चित्रे असतात. पहाटे ती पाहावीत. माथा ढगात असेल आणि दुसऱ्या दिवशी उघडण्याचा अंदाज असेल, तर झेल आम झेतला मुक्काम एका रात्रीने वाढवावा. त्यासाठी लिएन्झचे हॉटेल रद्द करता येण्याजोगे नोंदवलेले असावे. अंदाजही वाईट असेल तर टोल वाया घालवू नये. मिटरझिलहून 1967 साली खुला झालेला, पाच किलोमीटरहून थोडा लांब फेल्बरटाउर्न बोगदा वर्षभर चालू असतो, त्याचा टोल घाटाच्या निम्म्याहून कमी आहे आणि तो थेट लिएन्झच्या खोऱ्यात उतरवतो. कोर्तिनाहून परत येतानाही हाच मार्ग घ्यावा. साल्झबुर्गपर्यंत चार तासांच्या आसपास लागतात, आणि झेल आम झेहून पुढे लोफर गावामार्गे गेल्यास वाटेत जर्मनीचा छोटा तुकडा लागतो, जिथे पोलीस पारपत्रे पाहू शकतात. गाडी परत करण्याची वेळ दुपारी चारची ठेवावी आणि रविवार टाळावा, कारण शहरातले काउंटर त्या दिवशी लवकर बंद होतात आणि किल्ली पेटीत टाकून निघाल्यास गाडीवरच्या ओरखड्यांची नोंद तुमच्या समोर होत नाही. निघण्यापूर्वी चारही बाजूंचे आणि चाकांचे फोटो काढलेले असतील, तर परत करतानाही तसेच काढून ठेवावेत.